जपानहून आणलेला अ‍ॅक्युफेज ई-६५०: यंत्राचा हिशेब आणि ते आणण्याचाही

निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच परत फिरता येईल. अ‍ॅक्युफेज ई-६५० हा इंटिग्रेटेड, म्हणजे गाणं कुठून घ्यायचं ते निवडणं, आवाज कमी-जास्त करणं आणि स्पीकर चालवणं हे सगळं एकाच डब्यात करणारा, अ‍ॅम्प्लिफायर फार चांगला आहे. जपानमधून वापरलेला घेऊन स्वतः आयात केला तर तो परवडतोही. पण परवडतो म्हणजे किती? जपानी दुकानाच्या पानावर जो आकडा दिसतो त्याच्या पावणेदोन ते दोन पटीत घरी येऊन पडतो, इतका. पडद्यावरचा आकडा बघून ज्यांना आताच उकळ्या फुटल्या असतील, त्यांनी खालचं वाचल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नये.

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेली. पावती नसलेला खर्च मला इतरांपेक्षा जरा लवकर दिसतो, आणि 'किरकोळ' या सदराखाली काय काय दडवता येतं तेही ठाऊक आहे. त्यामुळे हे परीक्षण अर्धं कानांचं आणि अर्धं खतावणीचं आहे. कानांचं आधी.

अ‍ॅक्युफेज ही योकोहामाची कंपनी. ट्रायोमधून, म्हणजे पुढे केनवुड झालेल्या कंपनीतून, बाहेर पडलेल्या मंडळींनी ती १९७२ साली केन्सॉनिक या नावाने काढली. अ‍ॅक्युफेज हे सुरुवातीला फक्त यंत्रांवरचं नाव होतं, कंपनीला ते नंतर मिळालं. मोजकीच मॉडेलं काढतात आणि दशकानुदशकं चेहरा तोच: सोनसळी पट्टी, मध्ये काच, काचेमागे डोलणाऱ्या दोन सुया. काहींना तो भपका वाटतो. मला आवडतो. बरीचशी बटणं पुढच्या झडपेआड असल्यामुळे एरवी समोर फक्त दोन मोठे नॉब दिसतात, हे तर फारच आवडतं.

ई-६५० आला २०१६ साली. क्लास ए पद्धतीचा, ८ ओहमला दर चॅनेलमागे ३० वॅट. स्पीकरचा अवरोध निम्मा झाला की ताकद दुप्पट: ४ ओहमला ६०, २ ओहमला १२०. कागदावर ३० हा आकडा वाचून नाक मुरडणारे भेटतात. त्यांच्यासाठी साधं गणित: ३० वॅट म्हणजे १ वॅटच्या वर सुमारे १५ डेसिबल. स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देत असेल तर हा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याकडून १०२ च्या आसपास काढतो. दोन स्पीकर आणि नेहमीच्या आकाराची खोली असेल तर शेजारी भांडायला यावेत इतका आवाज झाला हा. मात्र स्पीकर ८३-८४ डेसिबलचा आळशी असेल, खोली मोठी असेल आणि तुम्हाला ड्रम छातीवर आदळायला हवे असतील, तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही. त्यात यंत्राचा दोष नाही. ते त्यासाठी केलेलंच नाही.

क्लास ए म्हणजे आउटपुटच्या ट्रान्झिस्टरांतून गाणं चालू असो नसो, सतत भरपूर प्रवाह वाहता ठेवायचा. क्लास एबीमध्ये लहरीचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा, आणि काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना बारीकशी ओढाताण होऊ शकते. इथे ती जागाच ठेवलेली नाही. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. तासाभराने झाकणावर हात ठेवता येतो, पण ठेवून राहावंसं वाटत नाही. बंद कपाटात ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या. वर वीतभर मोकळी जागा हवीच.

माझ्या लेखी या अ‍ॅम्प्लिफायरचं खरं मर्म वॅटमध्ये नाही, आवाजाच्या नॉबमध्ये आहे. नेहमीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नॉब फिरवला की आतल्या रोधाच्या पट्टीवरून एक जीभ सरकते. अगदी हळू आवाजाला डाव्या-उजव्या पट्ट्या तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून गायक मधोमध न बसता थोडा एका बाजूला सरकतो, आणि नॉब जुना झाला की खरखरतो. अ‍ॅक्युफेजने २००२ साली सी-२८०० या, आवाजाची पातळी ठरवून सिग्नल पुढच्या यंत्राकडे देणाऱ्या, प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये वेगळीच रचना आणली. तिला ते एएव्हीए म्हणतात. आलेल्या सिग्नलचं १६ वेगवेगळ्या वजनांच्या प्रवाहांत रूपांतर करायचं: अर्धा, पाव, अष्टमांश असे निम्मे-निम्मे होत जाणारे. नॉब ज्या जागी असेल त्याप्रमाणे त्यातले हवे तेवढे चालू करायचे आणि बेरीज करून परत व्होल्टेज बनवायचं. १६ चालू-बंद जागांचे ६५,५३६ मेळ होतात. म्हणजे तुम्ही फिरवता तो नॉब फक्त 'इथे आहे' एवढंच सांगतो, गाणं त्यातून जातच नाही. ई-६५० मध्ये याचीच बॅलन्स्ड, म्हणजे सिग्नल सरळ आणि उलट अशा जोडीने नेणारी, आवृत्ती आहे.

कागदावर हे वाचून मी खांदे उडवले होते. पण मी बहुतेक रात्री ऐकते, घरातले झोपल्यावर, कुजबुजीच्या आवाजात. तिथे फरक कळतो. आवाज कमी केला की इतर यंत्रांत गाणं दूर जातं आणि पातळ होतं. इथे ते फक्त लहान होतं. तानपुऱ्याची जवारी ही माझी कसोटी. जोडाच्या तारा सुटल्यावर त्यातून वर उमटत जाणारे स्वर एकेक करून ऐकू यायला हवेत, नुसता 'झण्ण' असा पडदा नको. इतक्या हळू आवाजातही ते वेगळे राहतात. तबल्याच्या बायांवर मनगट सरकतं तेव्हाचा घुमारा गोल येतो, फुगत नाही. बाईचा तार सप्तकातला आवाज कानाला टोचत नाही, आणि तरी त्याची धार बोथट केल्यासारखी वाटत नाही. तक्रार म्हणून एकच गोष्ट सांगेन, तीही आवडीनिवडीची आहे: रेकॉर्डिंग रटाळ असेल तर हा त्यात जीव ओतायला जात नाही. आहे तसं समोर ठेवतो. ज्यांना यंत्राने थोडी फोडणी घालावी असं वाटतं, त्यांनी व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, यंत्रांकडे वळावं.

आता खतावणी.

नव्याचा विचार मी केलाच नाही. अधिकृत आयातदाराकडून नवं घेतलं की वॉरंटी, योग्य व्होल्टेज आणि दुरुस्तीला हक्काची जागा मिळते. ते सगळं किमतीतच धरलेलं असतं आणि त्यात गैर काही नाही. नवं यंत्र जपानहून परस्पर आणलं तर हे तिन्ही जातं आणि जकात मात्र पूर्ण लागते. वाचलेले पैसे त्या धोक्याच्या मानाने थोडे. वापरलेल्याचं गणित निराळं आहे. जपानमध्ये जुन्या हाय-फायचा बाजार मोठा आहे, लोक नियमाने यंत्रं बदलतात आणि अ‍ॅक्युफेज तिथलीच असल्याने माल भरपूर फिरतो. तोक्योतल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या पेठेतल्या दुकानांपासून ऑडिओ युनियनसारख्या साखळ्यांपर्यंत तपासून, फोटोसकट, ओरखड्यांची नोंद करून यंत्रं विकायला ठेवलेली असतात. ओरखड्याची नोंद करणारा दुकानदार मला नेहमी भरवशाचा वाटतो.

घ्यायचे मार्ग दोन. एक, दुकान स्वतः परदेशी पाठवत असेल तर थेट. तेव्हा एक गोष्ट आवर्जून विचारावी: जपानचा १० टक्के उपभोग कर किमतीत आहे का? निर्यातीवर तो लागत नाही, त्यामुळे थेट निर्यात करणारं दुकान करमुक्त किंमत देऊ शकतं. दुसरा मार्ग मध्यस्थाचा. तो जपानमधल्या स्वतःच्या पत्त्यावर तुमच्यासाठी माल घेतो आणि पुढे पाठवतो. ही खरेदी देशांतर्गत ठरते, म्हणून दुकानात तो १० टक्के कर बहुधा भरावाच लागतो आणि वर मध्यस्थाचं कमिशन. लिलावातली वस्तू हवी असेल तर मात्र मध्यस्थाशिवाय गत्यंतर नाही. तिथे शेवटच्या मिनिटांत बोली आली की अनेकदा मुदत आपोआप वाढते, म्हणून शेवटच्या सेकंदाला बोली टाकण्याची चलाखी चालत नाही. कमाल आकडा ठरवून टाकावा आणि उठून दुसऱ्या कामाला लागावं. मी दुकानातलाच घेतला. लिलावातला विक्रेता 'जंक' असं लिहून मोकळा होतो आणि मग यंत्र चालू झालं नाही तरी कोणाला काही विचारता येत नाही.

पैसे भरण्याआधी मी मागून घेतलेल्या गोष्टी: मागच्या पट्टीचा जवळून फोटो, ज्यात व्होल्टेज आणि अनुक्रमांक वाचता येईल, मूळ खोकं आणि आतले फोम आहेत का, रिमोट आहे का, दोन्ही सुया हलताना दिसतील असा छोटा व्हिडिओ, आणि आधीचा मालक घरात सिगारेट ओढायचा का. शेवटच्या प्रश्नाला हसू नका. तंबाखूचा राळेसारखा थर काचेवर पिवळा दिसतो, तो पुसता येतो, पण तोच आत संपर्काच्या जागांवर बसलेला असतो. जुन्या यंत्रांत स्पीकर रिलेचे संपर्क काळवंडले की हळू आवाजात एक बाजू मधूनच गायब होते. ई-६५० तसा तरुण आहे, तरी विचारायला पैसे पडत नाहीत. मूळ खोक्याबद्दल मात्र मी हट्टीच आहे. ते नसेल तर मी त्या यंत्राकडे बघतही नाही. सुमारे २५ किलोचं यंत्र, आणि त्यातला बराचसा भार एका ट्रान्सफॉर्मरचा. खोकं कोपऱ्यावर पडलं तर बाहेरून शाबूत दिसणाऱ्या यंत्राची आतली चौकट वाकलेली निघते. मूळ खोकं दुसऱ्या जाड खोक्यात घालून मध्ये चारी बाजूंनी भरण, एवढं लेखी कबूल करून घ्यावं.

वाहतूक हा सगळ्यात कमी समजलेला खर्च. जपान पोस्टची ईएमएस सेवा स्वस्त आणि सोयीची, पण तिची मर्यादा ३० किलो. दुहेरी खोक्यात बांधल्यावर माझं पार्सल त्याच्या वर गेलं. मग उरतात खासगी कुरियर किंवा विमानाची मालवाहतूक. दोघंही प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि भागायची. कशाने भागायचं, त्यात सगळी गंमत आहे. एक्स्प्रेस कुरियर साधारणपणे ५,००० ने भागतात, विमान मालवाहतूक ६,००० ने. बाहेरचं खोकं ६८ × ६६ × ४४ धरा. ५,००० ने भागलं तर ३९.५ किलो होतात, ६,००० ने ३२.९. प्रत्यक्ष वजन ३३ च्या आसपास. म्हणजे त्याच खोक्यासाठी कुरियरकडे साडेसहा किलो हवेचे पैसे भरायचे. मी विमान मालवाहतूक घेतली. त्यात माल दारात येत नाही, विमानतळाच्या गोदामापर्यंत येतो. पुढे कस्टम एजंट, गोदामाचं भाडं, हमाली हे आपलं आपण बघायचं. ज्यांना रांगा आणि शिक्क्यांचा कंटाळा आहे त्यांनी कुरियरला जास्तीचे पैसे द्यावेत आणि मनःशांती विकत घ्यावी. जहाजाचा विचार एकट्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी करू नका: सामायिक कंटेनरमध्ये बहुधा किमान एका घनमीटरचं भाडं आकारतात आणि हे खोकं त्याच्या एक पंचमांशही नाही. सोबत मोठे स्पीकर यायचे असतील तर गोष्ट वेगळी.

सीमाशुल्काचा पाया बहुतेक देशांत वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज असतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा काही ठिकाणी जकातीसाठी वाहतूक धरत नाहीत. दर आपापल्या देशाचे बघावेत. मी इथे उदाहरणाला सोयीचे आकडे घेते. जपानमधली किंमत १०० धरू. वाहतूक १८, विमा २, झाले १२०. जकात समजा २० टक्के, म्हणजे २४, एकूण १४४. त्यावर देशांतर्गत कर समजा १८ टक्के, म्हणजे जवळपास २६, एकूण १७०. लक्षात घ्या, हा कर जकातीवरही लागतो. करावर कर. आता एजंट आणि गोदाम ४, मध्यस्थाचं कमिशन आणि जपानमधली ने-आण ५, कार्डावरचा परकीय चलनाचा अधिभार २, घरी लागणारा ट्रान्सफॉर्मर ६. झाले १८७. म्हणून माझा नियम असा की आपल्याकडे तीच वस्तू, तशाच अवस्थेत, २२० च्या आत मिळत असेल तर विमानाकडे बघायचं नाही. ती वरची तेहतीस म्हणजे धोक्याचं मोल, आणि ते कमी धरलंय असंही कोणी म्हणेल.

त्या कमिशनबद्दल एक तपासनिसी टीप. जागतिक व्यापार संघटनेच्या सीमाशुल्क मूल्यांकन कराराच्या ८ व्या कलमात, खरेदीदाराच्या वतीने माल घेणाऱ्याला दिलेलं खरेदी कमिशन मूल्यात मिळवायचं नसतं, असं म्हटलेलं आहे. पण बिलावर ते वेगळ्या ओळीत दिसलं तरच वगळलं जाईल ना! मध्यस्थाने सगळं मिळून एकच आकडा लिहिला की त्या कमिशनवरही जकात. वेगळी ओळ मागा. तसंच वर्गीकरणाचा क्रमांक आधीच शोधून ठेवा. पहिले सहा आकडे जगभर सारखे आहेत: अ‍ॅम्प्लिफायर ८५१८.४०, हेडफोन ८५१८.३०, टर्नटेबल ८५१९.३०, पिकअप काट्रिज (रेकॉर्डवर टेकणारी सुई असलेला भाग) ८५२२.१०. माझ्या खोक्यावर पाठवणाऱ्याने नुसतं 'वापरलेलं स्टीरिओ सामान' असं लिहिलं होतं. एवढ्या ढोबळ वर्णनावर कोणताही अधिकारी प्रश्न विचारणारच, आणि त्याने विचारलाही. जुन्या वस्तूची किंमत त्याला कमी वाटली, हा त्याचा दुसरा प्रश्न. दुकानाच्या पानाची छापील प्रत, पैसे भरल्याचा बँकेचा उतारा आणि पानाचं भाषांतर सोबत होतं, म्हणून तिथेच मिटलं. काही देशांत वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर बंधनं किंवा परवान्याची अट असते. हे पैसे भरण्यापूर्वी विचारायचं, नंतर नाही.

बिलावर कमी किंमत लिहून देतो किंवा 'भेटवस्तू' लिहितो, असं सांगणारे विक्रेते भेटतात आणि ते उपकार केल्याच्या थाटात सांगतात. नैतिकतेचं सोडा, व्यवहारातच ते चुकीचं आहे. विमा लिहिलेल्या किमतीचाच मिळतो. चाळीस लिहून शंभराचं यंत्र फुटलं तर साठ तुमचे गेले, आणि सापडलात तर दंड आणि जप्ती वेगळी.

आता वीज. जपानची वीज १०० व्होल्ट. जपानमध्ये विकलेला ई-६५० १०० व्होल्टचाच आहे, आणि मागे तार बदलून तो २३० चा होईल या भ्रमात राहू नये. २३० मध्ये चुकूनही खोचला तर वरचं सगळं गणित एका सेकंदात निकालात. २३० चे १०० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

माझा धाकटा दीर विजेच्या कामातला. यंत्र यायच्या आधीच त्याने बजावलं, "वहिनी, बाजारातला ११० चा डबा उचलून आणू नका. शंभराला शंभरच पाहिजे." मी म्हटलं, दहा व्होल्टनी काय होतं? तर त्याने कागद ओढला. ११० म्हणजे मुळातच १० टक्के जास्त. त्यात घरची वीज रात्री २३० ची २४५ होते, म्हणजे ते ११० चे ११७ होतात. क्लास एचा अ‍ॅम्प्लिफायर आधीच तापलेला, त्याला कायम १७ टक्के चढं व्होल्टेज दिलं की आतले कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. २३० ला १०० या प्रमाणात गुंडाळलेल्यात २४५ चे १०६ होतात, ते चालतं.

शेवटी त्याने ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडून १ केव्हीएचा करून घेतला. तीन गोष्टींवर तो अडून बसला होता आणि तिन्ही मला पटल्या. एक, दोन वेगळ्या गुंडाळ्या असलेला, म्हणजे आयसोलेशनचा. ऑटोट्रान्सफॉर्मर हलका आणि स्वस्त असतो, पण त्यात आतली आणि बाहेरची बाजू तारेने जोडलेलीच राहते. प्लग उलटा गेला तर बाहेर दोन पिनांमध्ये १०० च दिसतात, मात्र जमिनीच्या तुलनेत दोन्ही पिना भरपूर व्होल्टवर बसलेल्या. दोन, ताकद यंत्राच्या मागे लिहिलेल्या कमाल वॅटच्या दुपटीहून जास्त, म्हणजे गाण्यात अचानक जोर आला तरी ट्रान्सफॉर्मर दबत नाही. तीन, टोरॉइड, म्हणजे कड्यासारख्या गोल गाभ्याचा, नको. विजेच्या लाइनीत थोडा जरी एकदिश प्रवाह मिसळला तरी टोरॉइड गुरगुरतो, आणि चालू करताना असा हिसका मारतो की घरचा एमसीबी पडतो. साधा पट्ट्यांचा गाभा जड असतो, पण गप्प असतो. "वहिनी, ह्याला भिंतीच्या पलीकडे ठेवला तरी चालेल, रेकॉर्डच्या फोनो सर्किटपासून लांब ठेवा म्हणजे झालं," एवढं सांगून तो चहा न घेताच गेला.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, हेही कोणी सांगत नाही. जपानी यंत्रांच्या बाबतीत यात एक सुदैव आहे. त्या देशाच्या पूर्वेला, तोक्योकडे, ५० हर्ट्झची वीज आहे आणि पश्चिमेला, ओसाकाकडे, ६० ची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोक्योने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, त्याचा हा वारसा. त्यामुळे तिथल्या बाजारासाठी बनणारं यंत्र सहसा दोन्ही हर्ट्झवर चालावं असंच बनवतात. अमेरिकेतून १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच लिहिलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणाल तर ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापू शकतो, आणि स्टेपडाउनने ते हर्ट्झ काही बदलत नाहीत. सिंक्रोनस मोटरच्या टर्नटेबलचं तर विचारूच नका. ६० साठी घडवलेली पुली ५० वर चालवली की ३३⅓ चे फेरे २७.८ होतात. गायिकेचा गायक होतो. पुली बदलावी लागते. क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्हला हा त्रास नाही. आणि जपानी एफएम ट्यूनर स्वस्त दिसला तरी मोह आवरा: तिथला पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या ट्यूनरवर ९० ला संपतो, म्हणजे बाकीच्या जगाची बहुतेक स्टेशनं त्याच्या पलीकडे.

दुरुस्तीचं काय, हा प्रश्न दिराने विचारला नाही, मी स्वतःला विचारला. परस्पर आणलेल्या यंत्राला अधिकृत वितरक बहुधा हात लावत नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे. बिघडलं तर एखादा चांगला स्वतंत्र तंत्रज्ञ शोधायचा किंवा पुन्हा तीच ३३ किलोंची वारी उलट दिशेने करायची. विकायला काढलं तरी १०० व्होल्ट ऐकून गिऱ्हाईक किंमत पाडणार. हे दोन्ही मी घेतानाच बुडीत खात्यात टाकलं होतं. ज्यांना दर दोन वर्षांनी यंत्र बदलायची हौस आहे त्यांना हा मार्ग महागच पडेल.

इतकं सगळं लिहून झाल्यावर खरं सांगायचं तर, परदेशातून स्वस्तात आणण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर ही सर्वांत अवघड वस्तू आहे. सर्वांत सोपी आहे ती डेनॉनची डीएल-१०३. १९६२ साली जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेबरोबर घडवलेली ही मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईबरोबर बारीक तारेची गुंडाळी हलणारी, काट्रिज अजूनही बनते. वजन ८.५ ग्रॅम. विजेचा प्लग नाही, व्होल्ट नाही, हर्ट्झ नाही. सुईचं टोक साधं शंकूचं, रेकॉर्डवरचा भार २.५ ग्रॅम, आउटपुट जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट, अंतर्गत अवरोध ४० ओहम. तिला थोडा वजनदार टोनआर्म, म्हणजे काट्रिज धरणारा दांडा, हवा, हलक्या आर्मवर ती रुसते. एकास दहाचा स्टेपअप ट्रान्सफॉर्मर लावला की ०.३ चे ३ मिलिव्होल्ट होतात आणि साध्या एमएम फोनोला, म्हणजे जास्त आउटपुटच्या मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजसाठी असलेल्या जोडणीला, पुरतात. तो स्टेपअपही नुसता तारा आणि गाभा, त्यालाही वीज लागत नाही, म्हणून तोही वापरलेला जपानहून आणायला उत्तम. हेडशेल, टोनआर्म, हेडफोन यांचंही तेच. वजन कमी, पोस्टाने येतं, आणि १०० चे १८७ होत नाहीत.

ई-६५० ला मागे दोन खाचा आहेत, हव्या त्या कार्डांसाठी. डिजिटलसाठी डीएसी-५०, रेकॉर्डसाठी एडी-५०. कार्ड अ‍ॅम्प्लिफायरकडूनच वीज घेतं, त्यामुळे व्होल्टचा प्रश्नच येत नाही. एडी-५० मी नंतर वेगळं मागवलं, वापरलेलं. बिलावर कमिशनची ओळ वेगळी होती, वर्गीकरणाचा क्रमांक मी आधीच कळवला होता, कोणी काही विचारलं नाही. खाचेत सरकवलं, डीएल-१०३ जोडली, स्टेपअप कपाटात गेला. तो आता विकायचा आहे. जपानचं मूळ खोकं सोबत देईन.